दाई, आरोग्यदूत आणि आशा : गडचिरोलीच्या मोजणीपासून जिवतीच्या गुड्यांपर्यंत

जिवतीच्या डोंगरावर एखाद्या कोलामगुड्यात तान्हं बाळ दगावलं, तर खाली बाजारगावात त्याची बातमी होत नाही. झालीच तर तिच्यावरचं मत ठरलेलं असतं, ‘त्यांच्यात असंच असतं.’ दवाखान्यात जात नाहीत, भगताकडं नेतात, लवकर लग्नं करतात, एवढं बोलून विषय संपतो. हा ‘त्यांच्यात’ शब्द आपल्याही ओळखीचा आहे. मुसलमानांच्या घरातली लेकरं, बायकांच्या तब्येती, पडदा यांवर बोलताना लोक हाच शब्द वापरतात. दोष एकदा त्यांच्या रक्तात किंवा रिवाजात टाकला की बाकीचे सुटतात.

पण आपल्या शेजारच्याच जिल्ह्याचा चाळीस वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. तिथं बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि त्यासाठी ना लोकांचं रक्त बदललं, ना गावोगाव मोठी इस्पितळं उभी राहिली. गावातल्याच एका बाईला शिकवलं गेलं. ती गरोदर बाईच्या दारात गेली, बाळंतपणाला हजर राहिली, आणि गावात जन्मलेलं व मेलेलं प्रत्येक बाळ वहीत लिहीत राहिली. जिवतीसाठी यात काय धडा आहे, ते या लेखात पाहू.

जमीन मोजली, माणसं राहिली

आधी हा डोंगर. आजचा जिवती तालुका जुन्या राजुरा तालुक्याचा भाग. राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा मराठी भाग म्हणून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. पुढे त्यातूनच कोरपना आणि जिवती हे तालुके झाले. सरहद्दीवरच्या काही गावांवर आजही महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडं दोन्ही राज्यांची कागदपत्रं असतात.

निजामाच्या काळात या डोंगरात गोंड आणि कोलाम राहत. कोलाम डोंगरउतारावर फिरती शेती करत. जंगल राखीव झालं तशी ही शेती बंद पडत गेली आणि रेषेच्या आत आलेल्या वस्त्या उठवल्या गेल्या. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून आदिलाबादच्या आदिवासींचा अभ्यास करवून घेतला. त्यांच्या प्रयत्नातून जमिनीचे पट्टे दिले गेले आणि १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षक घडवणारं केंद्र निघालं. गोंडी मुलांना गोंडीतून शिकवायचं, हा विचार त्या काळात उर्दू राजभाषा असलेल्या संस्थानानं मान्य केला होता. भाषेच्या शिक्षकाला हे विसरता येत नाही, आणि लेखाच्या शेवटी ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून माणसं या पठारावर येऊन वसली. त्यात मराठा, दलित, बंजारा होते आणि आपली मुसलमान घरंही होती. आज एकाच बसमध्ये मराठी, कोलामी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. कोलामांची गणना सरकार ‘विशेष दुर्बल आदिवासी गट’ म्हणून करतं. महाराष्ट्रात असे तीन गट आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम.

या साऱ्या इतिहासात जमिनीचे कागद सापडतात. शेत किती, महसूल किती, जंगलाची रेषा कुठं, हे सगळं लिहिलेलं आहे. त्या शेतांवरच्या झोपड्यांत किती बाळं जन्मली आणि त्यातली किती जगली, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

दाईला दोष देण्याची शंभर वर्षं

बाळंतपण दाईच्या हातात होतं. कुठं तिला सुईण म्हणत. हिंदू घरात, मुसलमान घरात, गुड्यात, सगळीकडं तीच. १८८५ मध्ये व्हॉइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी बायकांसाठी दवाखाने काढायला निधी उभारला. पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नाही, म्हणून जनाना दवाखाने निघाले. लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं १९०३ मध्ये दायांना शिकवण्यासाठी वेगळा निधी निघाला. या प्रयत्नांचं मोल आहेच. पण त्यातला सूर एकच होता : दाई अडाणी, दाई घाणेरडी, म्हणून बाळं मरतात.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालानं ब्रिटिश हिंदुस्थानातला १९३७ चा बालमृत्यू दर हजारी १६२ दिला. म्हणजे हजार बाळं जिवंत जन्मली तर त्यातली १६२ वर्षाच्या आत जात. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, पण ती रस्त्याच्या कडेला. जंगलातल्या वस्तीपर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं.

वेगळी वाट महाराष्ट्रातच निघाली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित होत्या. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्या हाती गावाची तब्येत दिली गेली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीची वही

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवर न थांबता त्यांनी गावं निवडली आणि तिथला प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदवायला घेतला. १९८८ च्या सुमारास या गावांतला बालमृत्यू दर हजारी १२१ निघाला.

डॉ. अभय बंग एका मृत्यूबद्दल पुष्कळदा सांगतात. एक मरणासन्न बाळ त्यांच्यापर्यंत आणलं गेलं आणि थोड्या वेळात त्यांच्यासमोरच गेलं. हे बाळ का मेलं, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि कारणं लिहीत गेले, तर ती अठरा झाली. आजार त्यातला एक. आईची उपासमार, बापाची दारू, गरोदरपणातला ताप, चुकीचा उपचार, पूर, वाट अशी बाकीची साखळी. यातल्या अठराही कड्या तोडायची गरज नाही, एखादी मोक्याची तुटली तरी बाळ वाचतं, हा त्यांनी काढलेला अर्थ. ‘त्यांच्यात असंच असतं’ याला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

पहिली कडी न्यूमोनियाची निवडली. आपल्याकडं याला कुणी ‘डब्बा’ म्हणतं, दखनीत ‘पसली चलना’. आईला आजार कळत होता, फक्त तिचा शब्द डॉक्टरच्या पुस्तकात नव्हता. गावातल्या शिकलेल्या तरुणांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दाईला साठपर्यंत आकडे येत नसतील तर मण्यांची पट्टी दिली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर न्यूमोनिया. मग घरातच औषध. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झालं तिथं मुलांचे न्यूमोनियानं होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. शंभर वर्षं जिला अडाणी म्हटलं, तीच दाई न्यूमोनिया ओळखत होती.

तरीही पहिल्या महिन्यातले मृत्यू उरत होते. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन पाहणी झाली. ९५ टक्के बाळंतपणं घरी झाली होती. ४२ टक्के बाळांचं वजन जन्मतःच कमी होतं. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती, पण डॉक्टरपर्यंत पोचली होती १०० त जेमतेम ३. इस्पितळ होतं, पण बाळ आणि इस्पितळ यांची भेटच होत नव्हती.

मग इस्पितळातलं जमेल तेवढं ज्ञान घरात नेलं गेलं. दर गावात पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली, तिला ‘आरोग्यदूत’ म्हटलं. दाईला बाजूला सारलं नाही. बाळंतपण दाई करी आणि बाळाकडं आरोग्यदूत पाही. बाळ रडलं नाही तर तोंडावर मास्क लावून श्वास देणं, वजन करणं, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं ती शिकली.

१९९३-९५ मध्ये या ३९ गावांत हजारी ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत मरत. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. वर्षाच्या आतले मृत्यू ७५.५ वरून ३८.८ झाले. तुलनेच्या ४७ गावांत नवजात मृत्यूदर जवळपास होता तिथंच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, अशी टीका झाली. आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, यावर तर डॉक्टरांत बरीच वर्षं वाद चालला. पण वहीतला आकडा कुणी नाकारू शकलं नाही, कारण ती वही घरोघर जाऊन लिहिलेली होती.

पोटात असल्यापासून

बाळाची कहाणी जन्मापासून सुरू होत नाही. गडचिरोलीत गरोदर बाया मुद्दाम कमी जेवतात, असं आढळलं. बाळ मोठं झालं तर अडेल ही भीती. इथून इस्पितळ दूर आणि अडलेल्या बाईचं मरण डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणजे ही भीती मूर्खपणाची नव्हती. पण तिची किंमत कमी वजनाचं बाळ भरत होतं. म्हणून आरोग्यदूत शेवटच्या तिमाहीत घरी जाई आणि जेवण, विश्रांती, ताप, अंगावरून जाणं, सूज यांवर बोले. सासू शेजारी बसलेली असे, आणि ते बरंच होतं, कारण ताटात किती वाढायचं ते तीच ठरवी.

आपल्या घरांतही अशा गोष्टी आहेत. आपल्यात बाळंतिणीचा चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, पाळतात. जच्चाला काम नाही, बाहेर जाणं नाही. आज सरकारच्या नवजात बाळाच्या काळजीच्या कार्यक्रमात आशाची शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. आपल्या आजी-नानींचे चाळीस दिवस आणि डॉक्टरांचे बेचाळीस, यात फारसं अंतर नाही. हे पहिले सहा आठवडे नाजूक असतात, हे दोघांनाही माहीत आहे. पण आपल्याकडं बाळाला मध किंवा घुटी चाटवायचीही चाल आहे. वर्षाखालच्या बाळाला मधातून घातक विषबाधा होऊ शकते, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर सांगतात. कुराणातल्या सूरह बकरहमध्ये पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो इथं आठवावा. ही गोष्ट बाहेरून आलेल्या माणसानं हुकूम म्हणून सांगितली तर घर बिथरतं. मोहल्ल्यातलीच फातिमाखाला किंवा सकिनाआपा दूध पाजण्याचा तो उल्लेख सांगून बोलली, तर सासू ऐकते.

रक्ताचा प्रश्न नाहीच

आकडेवारीतली एक गोष्ट आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. भारतात मुसलमान सरासरीनं गरीब आणि कमी शिकलेले, तरीही त्यांच्यात बाळांचे मृत्यू हिंदूंपेक्षा काहीसे कमी आढळत आले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही याची नोंद आहे. अर्थशास्त्रज्ञ याला कोडं म्हणत. २०१८ मध्ये मायकल गेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी त्याचं उत्तर मुख्यतः संडासात शोधलं. मुसलमान वस्त्यांत उघड्यावर शौचाला जाण्याचं प्रमाण कमी होतं, आणि त्याचा फायदा त्या वस्त्यांत राहणाऱ्या हिंदू घरांनाही होत होता. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. बाळाचं जगणं धर्मावर ठरत नाही, शेजार कसा आहे यावर ठरतं, एवढंच यातून कळतं.

अमेरिकेत हा प्रश्न वंशाचा म्हणून मांडला जातो. तिथं काळ्या बाळांचा मृत्यूदर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. पण १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातले जन्म तपासले, तेव्हा आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या आयांच्या बाळांची वजनं अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांपेक्षा गोऱ्यांच्या जास्त जवळ निघाली. कातडी एकच, पण वजन वेगळं. म्हणजे फरक जगण्यातल्या वागणुकीचा होता.

आपल्याकडं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जमातींत पाच वर्षांखालचे मृत्यू हजारी ५७ होते. दलित, आदिवासी आणि इतर मागास यांच्या बाहेरच्या समाजांत ते ३९ होते. हा जो १८ चा फरक आहे, तो कोलामाच्या किंवा गोंडाच्या रक्तात नाही. गडचिरोलीच्या त्या ३९ गावांनी २० वर्षं आधीच हे दाखवून दिलं होतं.

गावातून देशात, आणि वाटेत काय सांडलं

ही पद्धत दूरवर गेली. बांगलादेशात सिल्हेटला घरभेटींच्या प्रयोगात नवजात मृत्यू ३४ टक्के कमी आढळले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळासाठी घरभेटींची एकत्र शिफारस केली. भारतात २००५ मध्ये आशा कार्यकर्त्या आल्या आणि २०११ पासून त्यांच्याकडं घरातल्या नवजात बाळाची काळजी आली : दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. गडचिरोलीतली वही अशी देशाची झाली.

पण वाटेत काही सांडलं. आरोग्यदूतावर सतत देखरेख असे. आशाच्या बाबतीत अनेक ठिकाणी फक्त फॉर्म पाहिला जातो. सगळ्या भेटी मिळून तिला एका बाळामागं २५० रुपये ठरले. नियमित मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावे लागले. मोजणीचंही तेच. २००१ मध्ये राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. महाराष्ट्रात वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात बालमृत्यू होतात आणि सरकारी नोंदीत त्यातले थोडेच दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर गदारोळ झाला, समिती नेमली गेली. जो मृत्यू लिहिलाच जात नाही, तो कमी करायची कुणाला घाई नसते.

आदिवासी भागांसाठी योजना आहेत. १९९५ पासून नवसंजीवनी, नंतर गरोदर बाईला आरोग्य केंद्रात तारखेच्या चार-पाच दिवस आधी राहता यावं म्हणून ‘माहेरघर’, मग गरोदर व स्तनदा आयांसाठी अमृत आहार, आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरकडून गरोदरपणाची तपासणी. नावं सुंदर आहेत. पण घरी दोन लेकरं आणि शेतात कापूस असताना बाई पाच दिवस माहेरघरात येईल का, हे तिला तिच्या भाषेत विचारणारी कुणी आहे का? खरी अडचण तिथं आहे.

जिवतीला काय हवं

जिवतीतून गंभीर बाळंतीण घाट उतरून गडचांदूरला आणि तिथून चंद्रपूरला न्यावी लागते. रस्ता, रुग्णवाहिका, डॉक्टरांच्या भरलेल्या जागा, हे मागितलंच पाहिजे. पण रस्ता झाल्यावरही गुड्यातली बाई कुणाच्या सांगण्यावरून निघेल, हा प्रश्न राहतोच.

शाळेत मुलाचं नाव घालायला आलेल्या आईला घरात किती लेकरं असं विचारलं, की कधीकधी उत्तर येतं, ‘तीन आहेत, दोन गेली.’ ती गेलेली दोन मुलं कुठल्या रजिस्टरात आहेत का, हे तिला ठाऊक नसतं. हजेरीपटात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

म्हणून तीन गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक गुड्यात आणि तांड्यात तिथलीच, तिथली भाषा बोलणारी आशा. लोकसंख्या कमी म्हणून चार गुड्यांना मिळून एक, आणि तीही खालच्या गावातली, असं नको. कोलामीत ‘बाळ दूध ओढत नाही’ कसं म्हणतात, हे जिला कळतं तिलाच धोका वेळेवर कळेल. १९४३ मध्ये मारलावाईनं शाळेसाठी जे मान्य केलं, ते आज आरोग्यासाठी मान्य करायला काय हरकत आहे? दोन, ग्रामसभेत दरवर्षी जन्म आणि बालमृत्यूंची यादी मोठ्यानं वाचली जावी, कुणाला दोष न देता. तीन, आशाला वेळेवर आणि पुरेसं मानधन. जिच्या भेटीवर बाळाचं जगणं अवलंबून आहे, तिला तिचं पोट भरायला दुसरीकडं मजुरीला जावं लागू नये.

आपल्या समाजासाठी चौथी गोष्ट. जिवतीच्या पठारावर आपण कोलामांचे शेजारी आहोत. गेरुसो आणि स्पीअर्स यांनी दाखवलं की शेजाऱ्याच्या सवयीनं शेजाऱ्याचं बाळ वाचू शकतं. आपल्या दहावी-बारावी झालेल्या मुली घरी बसून आहेत. आशाची, अंगणवाडी सेविकेची, परिचारिकेची वाट त्यांच्यासाठी मोकळी करा. मशिदीत जुम्याच्या बयानात चिल्ल्यातल्या जच्चाबद्दल आणि तिच्या ताटाबद्दल दोन शब्द बोलले गेले, तर ते दीनाच्या बाहेरचं ठरणार नाही. आणि खाली बाजारात पुन्हा कुणी ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणालं, तर त्याला शांतपणे ६२ आणि २५.५ हे दोन आकडे सांगा. आपल्यासारख्याच माणसांच्या गावांतले आहेत ते, आणि एका गावच्या बाईनं दारोदार जाऊन लिहिलेत.